पर्यवेक्षकाची खुर्ची रिकामी होऊ देऊ नका

घरातलं एक माणूस आतून कोसळलं की बाकीचं घर सावरलेलं राहत नाही. दहावीतला मुलगा दिवाळीनंतर शाळेचं नाव काढेना. आई रात्रभर त्याच्या दाराकडे कान लावून जागी. वडील घरी उशिरा येऊ लागले आणि आले की आवाज चढवू लागले. आजी म्हणते, बाहेरचं काहीतरी असेल, गावी जाऊन एकदा देवीला दाखवून या. धाकटी बहीण एकाएकी फार समजूतदार झाली. तिच्याकडे तर कुणाचं लक्षच नाही. शेजाऱ्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "अभ्यासाचं थोडं टेन्शन आहे."

असं घर तुम्ही पाहिलेलं आहे. कदाचित तुम्ही त्यात राहिला आहात. या घराला नुसती गोळ्यांची चिठ्ठी पुरत नाही. या पाच जणांना एका खोलीत बसवायचं, कुणालाही आरोपी न ठरवता बोलतं करायचं आणि एकमेकांचं ऐकायला लावायचं, हे काम शिकलेलं माणूस त्यांना हवं असतं. कुटुंबोपचार, म्हणजे फॅमिली थेरपी, ती हीच.

ती मिळते कुठे? शहरात खासगी ठिकाणी एका बैठकीची फी हजार-दीड हजारांपासून सुरू होते आणि एका बैठकीत काम होत नाही. सहा, आठ, कधी पंधरा बैठका लागतात. रिक्षा चालवणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, कंत्राटी नोकरीवर असलेल्या माणसाला हा खर्च म्हणजे घरभाडं नाहीतर उपचार अशी निवड. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपरचे पैसे नाममात्र असतात, पण दाराबाहेर एवढी रांग असते की डॉक्टरांची इच्छा असली तरी पाच जणांचं घर ऐकून घ्यायला त्यांना वेळ मिळत नाही.

या दोन टोकांच्या मधोमध एक जागा आहे. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत, समाजकार्य महाविद्यालयांत, मनोरुग्णालयांत आणि काही संस्थांत शिकणारे उपचारक अनुभवी पर्यवेक्षकाच्या नजरेखाली कुटुंबांना भेटतात. फी नाममात्र, किंवा ज्याला जमेल तशी. भाषा घरातली. वेळ भरपूर. ही जागा आज अडचणीत आहे आणि ती टिकवण्यासाठी तुमची मदत मागायला हा लेख लिहिला आहे.

काचेपलीकडचा कान

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पंचविशीची एक मुलगी साठीच्या आजोबांना संसार शिकवते आहे. आत जे चालतं ते वेगळंच असतं. ती मुलगी पदव्युत्तर शिक्षण घेतलेली असते आणि ती एकटी नसते. काही ठिकाणी एका बाजूने दिसणाऱ्या काचेपलीकडे तिचे पर्यवेक्षक बसलेले असतात. जिथे काच नाही तिथे ते खोलीच्या कोपऱ्यात बसतात, किंवा कुटुंबाच्या लेखी संमतीने केलेलं ध्वनिमुद्रण नंतर तिच्यासोबत बसून ऐकतात. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाचं वाक्य तोडलं, कुणाचं नाव निघाल्यावर खोलीत शांतता पसरली, या सगळ्याची नोंद होते. तीन पिढ्यांचा नकाशा कागदावर काढला जातो. कोण कुणाशी बोलत नाही, कुठे अपमृत्यू झाला, कुठे दारू शिरली, कोणती लेक माहेरी परत आली, हे सगळं त्यात दिसतं.

बैठक संपल्यावर शिकणाऱ्याची परीक्षा सुरू होते. "तू सासूबाईंना दोनदा मध्येच थांबवलंस, सुनेला एकदाही नाही. का?" असा प्रश्न येतो. उत्तर शोधताना त्या मुलीला आपल्याच घरातली आजी आठवते, तिच्यावरचा जुना राग आठवतो, आणि तो राग समोरच्या कुटुंबावर निघत होता हे कळतं. असं कळणं पुस्तकात मिळत नाही. दुसऱ्या कुणीतरी, ज्याने हजारो तास हे काम केलं आहे, त्याने दाखवून दिल्याशिवाय ते दिसत नाही.

म्हणून या व्यवस्थेचा खरा कणा म्हणजे पर्यवेक्षक. कुटुंब सुरक्षित राहतं ते त्याच्यामुळे, शिकणारा घडतो तो त्याच्यामुळे, आणि फी कमी राहू शकते तीही त्याच्यामुळे. साधा हिशेब करू. एका पर्यवेक्षकाकडे सहा शिकणारे आहेत आणि प्रत्येक जण आठवड्याला चार कुटुंबांना भेटतो, असं धरलं तर आठवड्याला २४ घरं झाली. प्रत्येक घराला सरासरी दहा बैठका दिल्या तर सुट्ट्या वजा जाता वर्षाकाठी शंभराच्या आसपास घरांचं काम एका माणसाच्या देखरेखीखाली होतं, आणि वर अभ्यासक्रम संपताना सहा तयार उपचारक समाजाला मिळतात. एका पगारात एवढं देणारी दुसरी कोणती व्यवस्था आपल्याकडे आहे?

हे आपल्याकडचंच आहे

ही कल्पना परदेशातून उचललेली चैन आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आपलाच इतिहास पाहावा. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचं जे पहिलं विद्यालय सुरू झालं, तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं. तिने १९३७ मध्येच चाइल्ड गाइडन्स क्लिनिक उघडलं. देशातलं ते पहिलं. मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना तिथे मदत मिळायची आणि समाजकार्याचे विद्यार्थी तिथे काम शिकायचे. सेवा आणि शिक्षण एकाच छपराखाली, हे सूत्र आपल्याकडे तेव्हापासूनचं आहे.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावलं. गर्दीने फुगलेल्या त्या रुग्णालयात कुटुंब हा उपचाराचा भाग झाला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नातेवाईक सोबत राहण्याची पद्धत रुजवली आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबांसाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य शिकणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी कुटुंबासमोर बसण्याचे धडे तिथे घेतले.

आणि १९८४. टाटा संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आत बसून छळ सोसणाऱ्या बाईचं ऐकून घेऊ लागल्या. एका शिक्षणसंस्थेचा तो छोटा उपक्रम पुढे राज्य सरकारने आपला म्हणून स्वीकारला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष निघाले. शिक्षणसंस्थेने एका खोलीत सुरू केलेलं काम राज्याचं धोरण होऊ शकतं, याचा याहून चांगला पुरावा महाराष्ट्राला नको. पण त्यासाठी ती खोली आधी टिकावी लागते.

आपलं घर ओळखणारा उपचार

स्वस्त असणं पुरेसं नाही. घराची रीत न कळणारा उपचार फुकट दिला तरी लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

आपल्याकडच्या कितीतरी घरांत नवरा-बायको महिनोन् महिने एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप मुलामार्फत जातात. "तुझ्या बाबांना सांग, पान वाढलंय." "तुझ्या आईला विचार, लाइटबिल भरलं का." आठ वर्षांचं पोर दोघांच्या मध्ये उभं राहतं आणि एक दिवस त्याचं पोट दुखू लागतं. सगळ्या तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात. अशा घरात उपचारकाने पोटदुखीबद्दल विचारायचं, पण नजर ठेवायची निरोपांवर. हा अबोला ज्याला ओळखता येत नाही, त्याला या मुलाला मदत करता येणार नाही.

पुस्तक सांगतं, नवरा-बायकोला एकांत हवा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण राहत असतील तर एकांत आणायचा कुठून? तिथे शिकाऊ उपचारकाला विचारावं लागतं, आजी भजनाला कधी जाते, मुलं क्लासला कधी असतात, गच्चीवर संध्याकाळी कोण असतं. पुस्तक सांगतं, मोठ्या झालेल्या मुलाने आपले निर्णय आपण घ्यावेत. पण तो मुलगा गावाकडच्या घराचं कर्ज फेडत असेल, दोन बहिणींची लग्नं त्याच्यावर असतील, तर "स्वतःसाठी जगा" हा सल्ला त्याला अपमान वाटतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं अर्धं वर्ष आजीजवळ राहतात. त्यांच्या घरात "आईवडिलांनी मुलाला वेळ द्यावा" हे वाक्य कसं बोलायचं? आंतरजातीय लग्नानंतर सासरच्या स्वयंपाकघरात सुनेला शिरू दिलं जात नसेल, तर तिच्या रडण्याला नुसतं नैराश्य म्हणून मोकळं होता येईल का?

खोलीतली रीतही असते. सासऱ्यांना काका म्हणून आधी बोलू द्यावं लागतं, नाहीतर ते उठून जातात. पण त्यांच्यासमोर सून तोंड उघडणार नाही, म्हणून तिच्यासाठी दहा मिनिटं वेगळी ठेवावी लागतात. घरातल्या बाईच्या अंगात येतं असं कळलं तर त्यावर हसायचं नाही आणि मानही डोलवायची नाही. विचारायचं, अंगात येतं त्या दिवशी घरात काय घडलेलं असतं, आणि त्यानंतर तिच्याशी घर कसं वागतं? कितीदा असं दिसतं की वर्षभरात तेवढे दोनच दिवस तिचं सगळे ऐकतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. संस्कृतीची जाण म्हणजे मारहाणीवर पांघरूण घालणं नाही. घरात हिंसा होत असेल तर मारणाऱ्याला आणि मार खाणारीला शेजारी बसवून "दोघांनी समजून घ्या" म्हणणं हा गुन्ह्याला हातभार आहे. तिथे आधी तिची सुरक्षितता, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची माहिती, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट. कधी एकत्र बसवायचं आणि कधी अजिबात बसवायचं नाही, हा निर्णय नवख्याला एकट्याने घेता येत नाही. पर्यवेक्षक हवा तो याच क्षणासाठी.

शिकाऊ म्हणजे कच्चा?

"आमच्या घरावर प्रयोग कशाला?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं. ससून, केईएम, जेजे या रुग्णालयांत रात्री दोन वाजता तुम्हाला तपासतो तो निवासी डॉक्टर शिकतच असतो. आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण त्याच्यामागे वरिष्ठ आहेत आणि त्याच्या चुका पकडणारी रचना आहे. देखरेख नसलेला, आठवड्याचा कोर्स करून दारावर "समुपदेशक" अशी पाटी लावणारा माणूस यापेक्षा कितीतरी धोक्याचा. आज गल्लोगल्ली अशा पाट्या वाढताहेत आणि त्यांच्यामागे कोण बसलं आहे, हे विचारण्याची सोय सामान्य कुटुंबाला नाही.

साल्व्हादोर मिनुचिन हे कुटुंबोपचारातलं मोठं नाव. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन कुटुंबांबरोबर त्यांनी काम केलं आणि त्यावरचं पुस्तक १९६७ मध्ये आलं. पुढे फिलाडेल्फियाच्या चाइल्ड गाइडन्स क्लिनिकमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तशाच वस्त्यांमधल्या, पदवी नसलेल्या माणसांना कुटुंबोपचारक म्हणून तयार केलं. तयार करण्याची पद्धत होती प्रत्यक्ष बैठकीवर देखरेख. ज्यांना त्या घरांची भाषा आणि गरिबी आतून माहीत होती, ती माणसं चांगल्या पर्यवेक्षकाच्या हाताखाली उत्तम काम करू लागली.

आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचं आधीचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन तीव्र नैराश्य आणि घातक मद्यपान यांवर काम करायला लावलं. त्यांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं गटात ऐकली जात, त्यांवर चर्चा होई, गुण दिले जात. नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीने जास्त फरक पडला, हे दाखवणारे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ते काम प्रामुख्याने एकेका व्यक्तीबरोबरचं होतं. तरी मुद्दा तोच: माणूस नवा असला तरी चालतं, त्याच्यावरची देखरेख मात्र ढिली पडता कामा नये.

धोका नेमका कुठे आहे

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, १२ राज्यांत, वेगवेगळे मानसिक विकार असलेल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नसल्याचं दिसलं. त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याच्या १८ व्या कलमात परवडणारी, पुरेशी, जवळ मिळणारी आणि रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला स्वीकारार्ह वाटेल अशी सेवा हा नागरिकाचा हक्क मानला आहे. रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचाही त्यात उल्लेख आहे. शिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोविकार समाजकार्यकर्ता कुणाला म्हणायचं हे सांगताना, पर्यवेक्षणाखालील प्रशिक्षणासह दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. हा निकष कायद्यानेच घातला.

आणि पुढे एम.फिल. ही पदवीच बंद करण्याचं ठरलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ती संपवली. या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. नवे अभ्यासक्रम येताहेत, यायलाच हवेत. भीती वेगळी आहे. जुन्या रचनेत विद्यार्थी दोन वर्षं रुग्णालयातच असायचा, कुटुंबं त्याच्यासमोर बसायची आणि वरिष्ठ त्याच्या मागे असायचे. नव्या रचनेत वर्ग वाढले, विद्यार्थी वाढले आणि पर्यवेक्षक तेवढेच राहिले, तर पदव्या वाटल्या जातील आणि कुटुंबासमोर बसण्याची जागा आटत जाईल. कागदावर तास भरतील, खोलीत कुणी बसणार नाही.

दुसरा धोका पैशाचा. हे काम बऱ्याच ठिकाणी प्रकल्पांच्या अनुदानावर किंवा तासिका तत्त्वावर चालतं. अनुदान संपलं की पहिली जाते ती पर्यवेक्षकाची जागा, कारण वर्गात शिकवणारा दिसतो, काचेमागे बसणारा दिसत नाही. जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या शंभराहून अधिक शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा मिळाल्या, कारण त्यांचे पगार ज्या निधीतून होत त्याचं नूतनीकरण झालं नव्हतं. गदारोळ झाला, निधीची हमी आली आणि काही दिवसांतच नोटिसा मागे घेतल्या गेल्या. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एवढ्या जुन्या संस्थेतलं कामही एका निधीवर लटकलेलं असू शकतं, आणि लोकांनी आवाज उठवला तर निर्णय बदलतात.

आता प्रत्येकाने काय करायचं

विद्यापीठं आणि राज्य सरकार: कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण केंद्राला किमान एक कायम पर्यवेक्षकाचं पद मंजूर करा. त्याचे देखरेखीचे तास अध्यापनाचे तास म्हणून मोजा. नवे अभ्यासक्रम लागू करताना एम.फिल.च्या काळातल्या प्रशिक्षणाच्या जागा एकाही ठिकाणी कमी होणार नाहीत, हे लेखी सांगा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत कुटुंबांसाठी वेगळा कक्ष आणि वेगळा वेळ ठेवा.

महापालिका आणि नगरपालिका: तुमचा दवाखाना संध्याकाळी बंद असतो, शाळेचे वर्ग रिकामे असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी दार बंद करता येईल अशी एक खोली, सहा खुर्च्या आणि पाण्याचा माठ द्या. जवळच्या महाविद्यालयाशी करार करा. नोकरी करणारा बाप सकाळी अकराच्या ओपीडीला येऊ शकत नाही. संध्याकाळी साडेसहाला येईल.

ट्रस्ट, बँका, गणेशोत्सव मंडळं: रुग्णवाहिका दिली की त्यावर नाव लिहिता येतं, पर्यवेक्षकाच्या पगारावर लिहिता येत नाही. तरीही तो द्या. एका वर्षाचा नको, पाच वर्षांचा द्या, म्हणजे चांगला माणूस दुसरीकडे जाणार नाही.

अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते: तुम्हालाही कधीतरी कुणीतरी मागे बसून घडवलं आहे. आठवड्यातले दोन तास एखाद्या प्रशिक्षण केंद्राला द्या. निवृत्त असाल तर चार द्या.

विद्यार्थ्यांनो, प्रवेश घेताना इमारत आणि वेबसाइट पाहू नका. दोन प्रश्न विचारा: दर आठवड्याला मला किती कुटुंबं भेटतील, आणि माझी बैठक कोण पाहील? उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा, सगळ्यांनी मिळून विचारा.

आणि वाचकहो, तुमच्यावर सगळ्यात जास्त भार आहे. तुमच्या शहरातल्या मानसशास्त्र विभागात किंवा समाजकार्य महाविद्यालयात अशी सेवा आहे का, हे या आठवड्यात फोन करून विचारा. असेल तर तिची माहिती सोसायटीच्या फलकावर, शाळेच्या पालकसभेत, महिला मंडळात पोचवा. गरज असेल तर स्वतःच्या घराला घेऊन जा, आणि परवडत असेल तर पूर्ण फी भरा, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याची खुर्ची टिकेल. सेवा नसेल, किंवा पूर्वी होती आणि बंद पडली असेल, तर कुलगुरूंना आणि आमदारांना पत्र लिहा. पत्रात एकच मागणी करा: कुटुंबांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू ठेवा आणि त्यात कायम पर्यवेक्षक नेमा. दहा पत्रं फाइलला लागतात, हजार पत्रांची बैठक लागते.

इमारत पाडली तर पुन्हा बांधता येते. चांगला पर्यवेक्षक घडायला वीस वर्षं लागतात आणि तो हे काम पुढच्याला शिकवू शकतो ते फक्त कुटुंबासमोर बसूनच. ही साखळी एका पिढीपुरती तुटली, तर नंतर कितीही निधी ओतला तरी शिकवणारं कुणी उरणार नाही. ती अजून तुटलेली नाही. आज पत्र लिहायला बसा.